देवाचा बागुलबुवा

आपल्या सुशिक्षित मध्यम वर्गाच्या घरांत एक विलक्षण विसंगति पाहावयास मिळते. मुलाला कोणत्या शाळेंत घालावें, कोणत्या डॉक्टराचें औषध द्यावें, त्यानें कोणाच्या संगतींत खेळावें, या गोष्टींचा आईबाप रात्र रात्र खल करितात. परंतु तेंच मूल जेवतां जेवतां मान वर करून जेव्हां विचारतें कीं, "बाबा, देव खरोखर असतो का?" तेव्हां तेच आईबाप तोंडाला येईल तें सांगून मोकळे होतात. कोणी म्हणतो, "असतो हो, आतां मुकाट्यानें जेव", कोणी म्हणतो, "असें विचारूं नये, पाप लागतें", आणि कोणी आंतल्या खोलीकडे बोट दाखवून म्हणतो, "आजीला विचार, जा." ज्या प्रश्नापायीं उपनिषदांतल्या ऋषींनीं आयुष्यें वेंचलीं, त्याला आपल्या घरीं एका घांसाइतकी देखील सवड मिळूं नये, हें नवलच म्हणावयाचें!

हा नुसता आळस असता तर त्यासाठीं चार पानें खर्चीं घालण्याचें कारण नव्हतें. परंतु या टाळाटाळीच्या मागें एक मत दडलेलें आहे, आणि तें आपल्यांतील बहुतेकांस इतकें सोयीचें वाटतें कीं, तें कोणी उघड मांडीत नाहीं, व म्हणूनच त्याचें कोणी खंडनहि करीत नाहीं. तें मत असें: देव असो वा नसो, मुलांच्या मनांत तो असलेला बरा, त्यानें धाक राहतो, वळण लागतें. जो मनापासून देव मानतो आणि मुलास तसें सांगतो, त्याच्याशीं माझा तंटा नाहीं. जो मानीत नाहीं आणि तसें सांगतो, त्याच्याशींहि नाहीं. माझा तंटा आहे तो या तिसऱ्या पक्षाशीं. ईश्वराला त्याच्या आसनावरून उठवून घरांतल्या शिपायाच्या जागीं नेमणारा, स्वतः ज्याला भीत नाहीं त्याची भीति लेंकराला घालणारा हा पक्ष आपल्या वर्गांत संख्येनें सर्वांत मोठा आहे. आणि आस्तिक्याचें जेवढें नुकसान तो करितो, तेवढें कोणाहि नास्तिकाला आजवर साधलेलें नाहीं.

या पक्षाची सगळी मदार एका हत्यारावर आहे. "खोटें बोललास तर देवबाप्पा जीभ कापील." "नैवेद्याला आधीं हात लावलास तर हात झडेल." "देव वरून सगळें पाहतो आहे, बरें का!" हीं वाक्यें आपण इतकीं सहज उच्चारतों कीं, त्यांचा अर्थ काय होतो याचा विचार करावयास आपण थांबतच नाहीं. मुलें मात्र थांबतात. मूल हें घरांतलें सर्वांत चोख परीक्षक असतें. तें एक दिवस खोटें बोलतें, रात्रभर अंथरुणांत जीभ चाचपीत पडतें, आणि सकाळीं जीभ जागच्या जागीं असल्याचें त्यास आढळतें. त्या सकाळीं तें दोन गोष्टी शिकतें: खोटें बोलल्यानें कांहीं होत नाहीं, ही एक; आणि आई खोटें बोलते, ही दुसरी. ज्या पेढीची पहिलीच हुंडी वटली नाहीं, तिच्या पुढल्या हुंड्या कोण घेणार? पुढें तीच आई जेव्हां सत्याचें महत्त्व सांगूं लागते, तेव्हां तिच्या शब्दाची पत आधींच गेलेली असते. ज्या वळणासाठीं हा सारा खटाटोप केला, त्याचा पायाच या धाकानें उखडला जातो.

हीं झालीं परीक्षा पाहणारीं मुलें. जीं परीक्षा पाहात नाहींत, निमूटपणें विश्वास ठेवितात, त्यांची अवस्था याहून वाईट होते. अपराध आणि शिक्षा यांची सांगड देव घालतो, हें एकदां मनांत ठसलें म्हणजे मूल हा हिशेब उलट दिशेनेंहि मांडूं लागतें. ज्या अर्थीं शिक्षा झाली, त्या अर्थीं अपराध असलाच पाहिजे! धाकटा भाऊ तापानें फणफणला, वडिलांची नोकरी गेली, आई अंथरुणाला खिळली, कीं तें आपल्या चिमुकल्या आयुष्याची झडती घेऊं लागतें. आणि चोरून खाल्लेला एखादा लाडू कोणाच्या बालपणांत सांपडत नाहीं? हें ओझें तें कोणास सांगतहि नाहीं. कारण सांगावें तर पुन्हां शिक्षेचें भय.

हें कोणास नुसतें कल्पनेचें जाळें वाटत असेल, तर त्यानें आमच्या जिल्ह्याकडे पाहावें. आजचा धाराशिव, म्हणजे त्या वेळचा उस्मानाबाद जिल्हा, आणि शेजारचा लातूर जिल्हा यांच्या सीमेवरील मुलखांत १९९३ सालच्या ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं भूकंप झाला. आदल्या दिवशीं अनंतचतुर्दशी होती. गांवोगांव गणपतीला वाजतगाजत निरोप देऊन लोक उशिरां अंथरुणावर पडले होते; त्यांत मिरवणुकींत नाचून दमलेलीं मुलेंहि होतीं. लातूरकडील किल्लारी आणि आमच्याकडील सास्तूर हीं नांवें त्या पहाटेपासून महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक झालीं. मृतांचा आंकडा सरकारी हिशेबानें आठ हजारांच्या घरांत जातो. इतर अंदाज त्यास दहा हजारांपर्यंत नेतात. ५२ गांवें अशीं जमीनदोस्त झालीं कीं, तीं जुनी जागा सोडून नव्यानें वसवावीं लागलीं.

जीं मुलें वांचलीं, त्यांच्यापुढें प्रश्न उभा राहिला तो पंडितांना सुचणारा नव्हता, अगदीं साधा होता. ज्या देवाला आपण संध्याकाळीं गुलाल उधळून पोंचविलें, त्यानें पहाटे असें कां होऊं दिलें? अशा वेळीं समाजाजवळ एक उत्तर नेहमींच तयार असतें, आणि तें त्या दिवसांतहि कानांवर येत होतें: देवाचा कोप झाला, पाप वाढलें होतें. असें म्हणणारे दुष्ट नव्हते. दुःखाच्या पुरांत सांपडलेला माणूस हाताला लागेल तो दोर धरतो. परंतु जें पोर ढिगाऱ्यांतून बाहेर निघालें आणि ज्याची आई निघाली नाहीं, त्याच्या कानांत हें उत्तर काय अर्थ घेऊन शिरलें असेल? तुझी आई पापी होती, किंवा तूं पापी आहेस. तिसरा अर्थ या वाक्यांतून निघतच नाहीं.

बरें, हें उत्तर नुसतें निष्ठुर होतें असेंहि नाहीं. तें चुकीचें होतें. भारताचा भूखंड सावकाश उत्तरेकडे सरकत हिमालयाला रेटीत आहे, आणि त्या रेट्याचा ताण दूर दक्षिणेंतल्या जुन्या खडकांतहि सांचतो. तो असह्य झाला म्हणजे खडक जुन्या भेगेवर एकाएकीं सरकतो. आमचा हा प्रदेश त्या वेळच्या नकाशांत भूकंपाच्या दृष्टीनें सर्वांत कमी धोक्याच्या विभागांत दाखविलेला होता. आदल्या वर्षीं, १९९२ सालीं, किल्लारीच्या परिसरांत धक्के बसले होते, तरी एवढा घात होईल असें कोणास वाटलें नव्हतें. आणि माणसें मारलीं तीं भूकंपापेक्षां घरांनीं. चिखलांत रचलेल्या हात-दीड हात जाडीच्या दगडी भिंती, वर लांकडी माळवद, आणि त्यावर उन्हाळ्यांत थंडावा राहावा म्हणून चढविलेला मातीचा जड थर, अशीं तीं घरें होतीं. धक्क्यासरशीं भिंतींच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून सुटल्या आणि दगडमाती निजलेल्यांवर कोसळली. कुडाच्या भिंतींच्या व गवती छपरांच्या झोपड्या त्या मानानें कमी घातक ठरल्या. पाप दगडी वाड्यांत राहात होतें आणि पुण्य झोपड्यांत, असें ज्यास म्हणावयाचें असेल त्यानें खुशाल म्हणावें. मग उद्यां एखाद्या पुरानें वाडे सोडून नेमक्या झोपड्याच वाहून नेल्या, तर हाच शास्त्री त्याचा अर्थ कसा लावणार?

यांतली मुख्य गोष्ट ध्यानांत घ्यावयाची ती ही. ज्या मुलाला "देवाचा कोप" हें उत्तर मिळालें, त्यानें मोठें होऊन करावयाचें तें काय? नारळ फोडावयाचा. ज्याला भिंतीचें उत्तर मिळालें, त्याला भिंत कशी बांधावी हें विचारण्याची बुद्धि होते: चिखलाच्या जागीं सिमेंट, भिंतीच्या आरपार जाणारे सांधेदगड, सभोंवार फिरणारा आडवा पट्टा, हलकें छप्पर. खोटें उत्तर मुलाचें मन तर दुखवितेंच, शिवाय पुढल्या भूकंपांत त्याचें डोकेंहि फोडतें.

हा वाद आजचा नाहीं. १७५५ सालच्या १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाच्या दिवशीं, लोक प्रार्थनेसाठीं देवळांत जमले असतां पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपानें उध्वस्त झाली. तेव्हां व्हॉल्टेअरनें ईश्वराच्या दयाळूपणाच्या गोडव्यांवर प्रहार केला, आणि रूसोनें, जो आस्तिक होता, त्यास उलट बजावलें कीं, तीं दाटीवाटीचीं बहुमजली घरें कांहीं निसर्गानें बांधलीं नव्हतीं. आपल्या देशांत १९३४ सालच्या १५ जानेवारीला बिहारमध्यें भूकंप झाला, तेव्हां खुद्द गांधीजींनीं तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दलचा ईश्वरी दंड आहे असें सांगितलें. अस्पृश्यतेचे शत्रु असलेल्या आणि ईश्वर मानणाऱ्या रवींद्रनाथांना तें सहन झालें नाहीं. नीतिनियम आणि सृष्टीची उलथापालथ यांचा असा सांधा जुळवितां येत नाहीं, आणि हाच तर्क उद्यां सुधारणेचे विरोधक सुधारकांवरच उलटवितील, असें त्यांनीं जाहीरपणें म्हटलें. गांधीजींनीं तो आक्षेप 'हरिजन' पत्रांत छापला आणि आपलें मत सोडलें नाहीं. दोघेहि आस्तिक, तरी एकाच्या देवाला दंडुका लागला, दुसऱ्याच्या देवाला लागला नाहीं. देव मानावयाचा म्हणजे दंड करणारा देवच मानावा लागतो असें जे समजतात, त्यांनीं हा वाद आठवावा.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. "तुमचे दगडमातीचे हिशेब राहूं द्या. ज्या पोराची आई गेली, त्याला तुम्ही भूगर्भशास्त्र शिकविणार कीं काय? आई देवाघरीं गेली, एवढें तरी त्याला म्हणूं द्या." हा आक्षेप घेणाऱ्यांच्या हृदयाबद्दल मला आदर आहे. माझें उत्तर असें कीं, प्रथम त्या मुलाला जवळ घ्यावें. त्या घटकेला कोणतेंहि तत्त्वज्ञान, आस्तिक असो वा नास्तिक, त्याच्या कामाचें नाहीं. पुढें तें विचारील, आणि खात्रीनें विचारील. मरणानंतर जीव ईश्वराजवळ जातो अशी ज्या आजीची श्रद्धा आहे, तिनें तें अवश्य सांगावें. मात्र "मी असें मानतें" या शब्दांनीं सांगावें. परंतु "देवाला चांगलीं माणसें आवडतात, म्हणून त्यानें तिला नेलें" हें वाक्य कोणीहि, कधींहि, मुलासमोर उच्चारूं नये. मोठ्यांच्या कानाला तें गोड लागतें. मुलाला त्यांत ऐकूं येतें तें असें कीं, देव हा आई चोरून नेणारा आहे, आणि आपण चांगलें वागलों तर एक दिवस तो आपल्यालाहि नेईल. सांत्वनाच्या नांवाखालीं याहून भयंकर गोष्ट लहान मुलास सांगतां येईल असें मला वाटत नाहीं. शिवाय जें सांत्वन पांचव्या वर्षीं दिलें आणि पंधराव्या वर्षीं पोकळ ठरलें, तें तेंच दुःख दुसऱ्यांदा भोगावयास लावतें.

मग बोलावें तरी कसें? देवाविषयीं आपण मुलांशीं जीं वाक्यें बोलतों, तीं तीन प्रकारचीं असतात. "हें मला ठाऊक आहे" हा एक प्रकार. "हें मी मानतों" हा दुसरा. आणि "ही आपली चाल आहे" हा तिसरा. हे तिन्ही प्रकार आपापल्या ठिकाणीं प्रामाणिक आहेत. आपला सारा गोंधळ आणि सारी लबाडी एका प्रकारचें वाक्य दुसऱ्या प्रकारच्या वेषांत उभें करण्यांत आहे. जें आपण केवळ मानतों तें ठाऊक असल्याच्या थाटांत सांगतों. जी नुसती चाल आहे ती श्रद्धा म्हणून लादतों. आणि जें खरोखर ठाऊक आहे तें सांगावयास मात्र कचरतों.

तुळजापूरचेंच उदाहरण घ्या. महाराष्ट्रांतील कित्येक घराण्यांचें तें कुलदैवत. जावळासाठीं म्हणा, नवरात्रांत म्हणा, मूल आईबापांबरोबर एकदां तरी तेथें जातेंच. तेथील भवानीची मूर्ति चल आहे. वर्षांतून तीनदां ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवितात. शारदीय नवरात्राच्या आधींच्या निद्रेस घोरनिद्रा म्हणतात. हें ऐकून मूल विचारतें, "देवीला झोंप येते का हो?" भित्रा बाप म्हणतो, "गप्प! देवीच्या दारांत असें बोलूं नये." शहाणपण मिरविणारा बाप म्हणतो, "दगडाला कसली आली आहे झोंप?" प्रामाणिक बाप म्हणेल, "मूर्ति पाषाणाची आहे, हें मला ठाऊक आहे. तिला पलंगावर निजविण्याची येथली चाल फार जुनी आहे; लोक देवीला आई म्हणतात, आणि आईनें घटकाभर विसांवा घ्यावा असें लेंकरांना वाटतें. ती जागृत आहे असें तुझी आजी मानते. मी तसें मानीत नाहीं. तूं मोठा झालास म्हणजे तूंहि विचार करून ठरव." ज्याची श्रद्धा असेल त्यानें "मीहि मानतों" असें म्हणावें, बाकीचें वाक्य बदलण्याचें कारण नाहीं. या उत्तराला अर्धें मिनिट पुरतें. त्यांत देवीचा अपमान नाहीं, आजीचा नाहीं, आणि पोराच्या बुद्धीचाहि नाहीं.

ज्यांना हें विलायती खूळ वाटतें, त्यांनीं याच जिल्ह्यांतल्या तेरला जावें. प्राचीन काळीं तगर या नांवानें पश्चिमेकडील व्यापाऱ्यांना ठाऊक असलेलें हें गांव वारकऱ्यांना प्रिय आहे तें गोरोबा काकांसाठीं. चिखल तुडवितांना नामस्मरणांत तल्लीन झालेल्या गोरोबांच्या पायांखालीं त्यांचें रांगतें मूल तुडविलें गेलें, आणि पुढें विठ्ठलाच्या कृपेनें तें परत मिळालें, ही कथा महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? ती आपण मुलांना सांगतों, आणि भक्ताच्या बाजूनें सांगतों. ऐकणारें मूल मात्र स्वतःला चिखलांतल्या मुलाच्या जागीं ठेवितें व विचारतें, "बाबांनीं खालीं कां नाहीं पाहिलें?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाहीं, कथेंतली आईहि आक्रोश करून हाच जाब विचारते. भक्तीची तल्लीनता किती टोकास जाते तें दाखविण्यासाठीं संतचरित्रकारांनीं ही कथा सांगितली, असें मुलाला समजावून दिल्यानें गोरोबांची थोरवी तिळभरहि कमी होत नाहीं. परंतु ती घडलेली हकीगत म्हणून जो सांगेल, त्यानें दुसऱ्या प्रश्नाचीहि तयारी ठेवावी. १९९३ सालच्या त्या पहाटे जीं मुलें मातीखालीं गेलीं, तीं परत कां आलीं नाहींत? त्यांच्या आईबापांच्या भक्तींत काय उणें होतें?

त्याच गोरोबांची दुसरी आख्यायिका आपण मुलांना अधिक वेळां सांगावी. संतांचा मेळा जमला असतां मुक्ताबाईनें तेथें पडलेलें थापटणें पाहिलें आणि हें काय म्हणून विचारलें. मडकें कच्चें कीं पक्कें तें यानें पाहतात, असें गोरोबांनीं सांगितलें. मग येथें जमलेलीं मडकीं पाहा, असें ती म्हणाली. आणि गोरोबांनीं एकेकाच्या डोक्यावर थापटणें मारून पाहिलें. बाकीचे शांत राहिले, नामदेवांना तें लागलें, आणि मडकें कच्चें ठरलें तें त्यांचें. मुक्ताबाई ही त्या भावंडांत सर्वांत धाकटी. एका लहान मुलीच्या साध्या प्रश्नावरून थोरामोठ्यांची परीक्षा झाली, आणि ज्याला राग आला तो तींत उतरला नाहीं! मुलानें देवाविषयीं विचारतांच आपल्या कपाळाला आंठी पडते, तेव्हां कच्चें मडकें कोणतें, हें निराळें सांगावयास नको.

आतां दुसऱ्या बाजूस चार शब्द सांगितलेच पाहिजेत. बुद्धिवादाचा टिळा लावून फिरणारे कांहीं गृहस्थ या दोषांतून आपण मुक्त आहों असें समजतात. पाहुण्यांसमोर पांच वर्षांच्या पोराकडून "देव-बीव कांहीं नसतो" असें वदवून घेणारा बाप, आणि त्याच वयाच्या पोराकडून अर्थ न कळतां स्तोत्र घोकून घेणारा बाप, यांत भेद आहे तो पाठाचा, पोपट तोच. आजी देवापुढें हात जोडते तेव्हां नातवाला हंसावयास शिकविणें म्हणजे बुद्धिस्वातंत्र्य नव्हे. तो आजीचा उपमर्द आहे, आणि बुद्धीचाहि. ऋग्वेदांतील नासदीय सूक्ताचा कर्ता सृष्टि कोठून झाली हें विचारीत विचारीत शेवटीं, वरून पाहणाऱ्यालाहि तें ठाऊक असेल कीं नसेल, अशा शंकेपाशीं थांबतो. एवढ्या पुरातन कवीला जी शंका कबूल करावयास लाज वाटली नाहीं, ती आपल्या नास्तिकाला व आस्तिकाला सारखीच जड जावी, हें आपल्या विद्येचें भूषण खास नव्हे. "मला ठाऊक नाहीं" हें वाक्य मुलाला पेलत नाहीं असें म्हणतात. तें पेलत नाहीं आपल्याला. मुलाचा दिवसच ठाऊक नसलेल्या गोष्टींनीं भरलेला असतो.

राहिली ती नीतीची काळजी. धाक काढून घेतला तर मुलें बिघडतील, असें म्हणणाऱ्यांस मी महाराष्ट्रांतल्या दोन माणसांकडे बोट दाखवितों. गोपाळ गणेश आगरकर (१८५६-१८९५) यांनीं देवाच्या धाकावर नीति उभारली नाहीं. एम्. ए. होऊन सुखवस्तु नोकरीची वाट त्यांना मोकळी होती. ती सोडून त्यांनीं तुटपुंज्या वेतनावर शिक्षणाचें व्रत घेतलें, १८८८ सालीं 'सुधारक' काढलें, आणि लोकांनीं हयातींतच त्यांची प्रेतयात्रा काढली तरी आपलें म्हणणें मागें घेतलें नाहीं. गाडगे महाराज (१८७६-१९५६) देव मानणारे. पण त्यांच्या हातांत दंडुका नव्हता, खराटा होता. कीर्तनांत ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत, आणि नवस व पशुबळी यांची झडती श्रोत्यांच्याच तोंडून घेत. एकानें देवाविना आणि दुसऱ्यानें देवासह जी नीति आचरली, तींत भीतीचा भाग शोधूनहि सांपडत नाहीं. घरांत तेंच करतां येतें. पोरानें धाकट्या बहिणीला चिमटा काढला तर "देव रागावेल" म्हणण्याची गरज काय? "तिला दुखलें, बघ, ती रडते आहे" हें वाक्य ठाऊक असलेल्या प्रकारचें आहे, आणि त्याचा पुरावा पोराच्या डोळ्यांसमोर आहे. तो पुरावा पाहावयास शिकलेलें मूल एकांतांतहि कोणाला दुखविणार नाहीं. धाकावर वाढलेलें मूल मात्र धाक उठला त्या दिवशीं मोकाट सुटेल, आणि धाक एक दिवस उठतोच.

कठोपनिषदांतला नचिकेता हा पोरच होता. दूध आटलेल्या म्हाताऱ्या गायी बाप दानांत देतो आहे हें पाहून, मला कोणाला देणार, असें त्यानें विचारलें, पुनःपुन्हां विचारलें. बाप चिडला आणि म्हणाला, तुला मृत्यूला दिलें. पोर यमाच्या दारीं गेलें व त्यानें त्यालाच विचारलें कीं, माणूस मेल्यावर उरतो कीं नाहीं? यमानें आधीं टाळून पाहिलें. हत्ती, घोडे, सोनें, दीर्घ आयुष्य, हवें तें माग म्हणाला. पोर ढळेना, तेव्हां मात्र तो त्याच्यापुढें बसला, आणि याविषयीं पूर्वीं देवांनाहि संशय होता हें त्यानें लपविलें नाहीं. आपण आज बापासारखे चिडतों, नाहीं तर यमासारखी लांच देतों. हत्तीघोड्यांच्या जागीं मोबाईल आला एवढेंच. परंतु यम तेथें थांबला नाहीं. पोरासमोर बसून, जें ठाऊक होतें आणि जें संशयांत होतें तें दोन्ही त्यानें सांगितलें. मृत्यूच्या अधिपतीला एका परक्या पोराच्या प्रश्नाचा जेवढा मान राखावासा वाटला, तेवढा आपल्या पोटच्या पोराच्या प्रश्नाचा राखणें आपणांस जड जावें काय?